सांगलीच्या गावभागातला शाब्दिक उदाहरणांचा वर्ग: एका पालकाचा अभिप्राय

गावभागात एका निवृत्त शिक्षकांच्या घरी हा वर्ग भरतो. बाहेर पाटी नाही, जाहिरात नाही. मुलं नुसतं ‘सरांकडे’ म्हणतात आणि आईबापही तसंच म्हणायला लागतात. पुढच्या खोलीत सतरंजी, एक फळा, भिंतीला टांगलेला लाकडी दांडीचा तराजू. सातवी-आठवीची मुलं, एका तुकडीत बारा-पंधरा. फी महिन्याला ६०० रुपये. इथे अख्खं गणित शिकवत नाहीत, फक्त शाब्दिक उदाहरणं, आणि तीही एकाच रीतीने. समोर आलेलं गणित आपल्या ओळखीच्या कुठल्या गणितासारखं आहे ते आधी शोधायचं. कुठे सारखं, कुठे वेगळं ते लिहून काढायचं. मग आकडेमोड. माझी मुलगी आठवीत आहे, गेल्या जूनपासून जाते. चौकशीला येणारे पालक आमच्या मिरची-कांडपाच्या गिरणीवर उभे राहूनच विचारतात आणि मिरचीच्या खकाण्यात नीट बोलणं होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मुलीचं गणित कच्चं नव्हतं. पाढे पाठ, अपूर्णांक चोख, समीकरण दिलं की सोडवून मोकळी. पण तेच गणित चार वाक्यांत आलं की तिचा हात थांबायचा. तिची एक सवय होती आणि ती तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना असेल. ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, ‘जास्त’ दिसलं की परत बेरीज. ‘राधाकडे १२ बोरं आहेत, ती मीनाकडच्या बोरांपेक्षा ५ ने जास्त आहेत, तर मीनाकडे किती?’ याचं उत्तर ती पट्कन १७ लिहायची. आधीच्या क्लासमध्ये प्रत्येक प्रकाराला एक सूत्र होतं. काळ-कामाचं वेगळं, नळ-टाकीचं वेगळं, आगगाडीचं वेगळं, मिश्रणाचं वेगळं. त्या त्या धड्याखालची गणितं सुटायची, कारण धड्याचं नाव वरच छापलेलं असायचं. चाचणीत सगळी मिसळून आली की कुठलं सूत्र लावायचं इथेच गाडी अडायची. पोरगी हुशार असूनही असं का होतं ते मला कळत नव्हतं, आणि क्लासवाल्यांचं उत्तर एकच: सराव वाढवा.

सरांकडे पहिल्या आठवड्यात फळ्यावर तीन गणितं होती. एक गवंडी भिंत ६ दिवसांत बांधतो, दुसरा १२ दिवसांत, दोघं मिळून किती दिवसांत? एक नळ टाकी ६ तासांत भरतो, दुसरा १२ तासांत, दोन्ही सोडले तर? आणि तिसरं: एक माणूस मिरजेकडून निघाला, सांगलीला पोचायला त्याला ६ तास लागतात, दुसरा त्याच वेळी त्याच रस्त्याने सांगलीहून निघाला, त्याला मिरजेला पोचायला १२ तास लागतात, दोघांची गाठ किती वेळाने? (एवढ्याशा रस्त्याला एवढा वेळ कसा, असं मुलांनी लगेच विचारलं. सरांनी गाव बदलून पंढरपूर केलं.) आकडे मुद्दाम तेच ठेवलेले. पहिली दोन एकच आहेत हे मुलांनी ओळखलं. तिसरं वेगळं, ते वेग-अंतराचं, असं सगळ्यांचं मत. मग सरांनी विचारलं, ‘या गणिताचं भावंड कोण?’ हा त्यांचा नेहमीचा प्रश्न, वर्गात तो सतत कानावर पडतो.

मुलीची त्या दिवशीची वही माझ्यासमोर आहे. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे टाकी, उजवीकडे रस्ता. अख्खी टाकी आणि अख्खा रस्ता यांच्यामध्ये बाण. एका तासात भरलेली १/६ टाकी आणि एका तासात कापलेला १/६ रस्ता यांच्यामध्ये बाण. दोन्ही नळांनी मिळून टाकी भरली म्हणजे दोघांनी मिळून रस्ता संपवला, म्हणजेच गाठ पडली, इथे तिसरा बाण आणि त्याच्याखाली पेन्सिलीने दोनदा ओढलेली रेघ. तासाला १/६ आणि १/१२ मिळून १/४, म्हणून ४ तास. भिंतीलाही ४ दिवस. उत्तर छोटंच आहे. मला मोलाचे वाटतात ते बाण. कशाच्या जागी काय बसतं हे मुलीने स्वतः ठरवून, स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, आणि आधीच्या क्लासच्या कुठल्याच वहीत मला असं पान सापडलं नव्हतं.

आता तराजूचं सांगते, कारण ते माझ्या धंद्याला लागून आहे आणि सगळ्यात जास्त मला तेच भावलं.

आमच्याकडे मार्च ते मे गर्दी असते. बायका मिरची घेऊन येतात, काही जणी आमच्याकडूनच घेतात. बहुतेकींचं म्हणणं एकच, चटणीला रंग ब्याडगीचा हवा, पण भाव तेवढा परवडत नाही. मग ब्याडगीत गुंटूर मिसळायची. समजा ब्याडगी ४०० रुपये किलो आहे, गुंटूर २५०, आणि गिऱ्हाइकाला मिरची सरासरी ३०० रुपयांनी पडायला हवी. ३०० हे ४०० पासून १०० लांब आहे, २५० पासून ५० लांब. लांबीची अदलाबदल करायची: ब्याडगी ५० भाग, गुंटूर १०० भाग. म्हणजे एकाला दोन. पडताळा घ्या, एक किलो ब्याडगीचे ४००, दोन किलो गुंटूरचे ५००, तीन किलोचे ९००, किलोला ३००. हा हिशेब मी सासूबाईंकडून शिकले आणि आज तोंडी करते. तो गणिताच्या पुस्तकातला मिश्रणाचा धडा आहे आणि शिवाय तो तराजूचा नियम आहे, हे मला सरांच्या वर्गामुळे समजलं.

मुलांना त्यांनी हे असं दाखवलं. तराजूच्या दांडीवर मधल्या आसापासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर खिळे आहेत. एका बाजूला पहिल्या खिळ्यावर दोन वजनं अडकवली, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या खिळ्यावर एक. दांडी आडवी राहिली. जवळच्या बाजूला जास्त वजन, लांबच्या बाजूला कमी, आणि वजन गुणिले अंतर दोन्हीकडे सारखं. आस म्हणजे सरासरी भाव, अंतर म्हणजे भावातला फरक, वजन म्हणजे किलो. पाच मिनिटांत मुलांना मिश्रण कळलं.

इथे बाकीचे शिक्षक थांबले असते. सरांनी लगेच दुसरं गणित घातलं. गाडी एका गावाला ताशी ४० किलोमीटरने गेली, त्याच रस्त्याने ताशी ६० ने परत आली, सरासरी वेग किती? सगळ्यांनी ५० सांगितलं. सर चूक म्हणाले नाहीत. म्हणाले, मिरचीच्या गणिताशेजारी मांडा. ४० रुपयांची मिरची आणि ६० रुपयांची मिरची, मग किलोच्या जागी काय? बरीच मुलं म्हणाली, किलोमीटर. त्यावर त्यांनी मुलांना बराच वेळ विचार करू दिला. शेवटी मुलांमधूनच निघालं: भाव किलोमागे असतो आणि वेग तासामागे असतो, म्हणून किलोच्या जागी तास बसतात. आणि रुपयांच्या जागी किलोमीटर. जाता-येता अंतर सारखं, पण तास सारखे नाहीत, सावकाश जाताना जास्त तास गेले. रस्ता १२० किलोमीटरचा धरला तर जाताना ३ तास, येताना २. म्हणजे ४० वाली मिरची ३ किलो आणि ६० वाली २ किलो. एकूण २४० किलोमीटर, ५ तास, सरासरी ४८. मग तराजूवर: ४८ पासून ४० आठ लांब, ६० बारा लांब, म्हणजे दोनास तीन. दुसऱ्या खिळ्यावर तीन वजनं, पलीकडे तिसऱ्या खिळ्यावर दोन. दांडी आडवी.

त्या संध्याकाळी मुलगी कांडपावर येऊन मला हे समजावून सांगत होती, गिऱ्हाईक उभं होतं तरी थांबेना. सरासरी वेगाचं सूत्र तिला आधीच्या क्लासमध्ये पाठ करून दिलेलं होतंच, दोन गुणिले दोन्ही वेगांचा गुणाकार भागिले बेरीज. पण जातानाचं आणि येतानाचं अंतर वेगळं असेल तर ते सूत्र चालत नाही, हे तिला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आता तिला सूत्र विसरलं तरी चालतं. तास किती ते काढते आणि मिरचीसारखं सोडवते.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी आठवीच्या मुलांना लीलावतीतली गणितं दिली. भास्कराचार्यांनी हा ग्रंथ ११५० साली लिहिला, आणि चाळीसगावजवळ पाटण्याला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख आहे, एवढं सांगून तीन गणितं फळ्यावर. पहिलं: ३२ हात उंच वेळू वाऱ्याने मोडला, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला, तर वेळू किती उंचीवर मोडला? दुसरं: ९ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. साप २७ हातांवरून बिळाकडे येतोय, मोराने त्याच्यावर तिरकी झेप घेतली, दोघांचा वेग सारखा, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडली? तिसरं: कमळाची कळी पाण्यावर अर्धा हात, वाऱ्याने झुकली आणि दोन हातांवर जाऊन बुडाली, तर पाणी किती खोल?

पायथागोरस मुलांना येतच होता. सरांनी सोडवायला बंदी केली. आधी फक्त चित्रं काढा आणि भावंडं शोधा. वेळू आणि मोर ही सख्खी निघाली. दोन्हीकडे काटकोन त्रिकोण, एक बाजू माहीत, आणि कर्ण व दुसरी बाजू यांची बेरीज माहीत. वेळूत ती ३२, कारण मोडलेला आणि उभा राहिलेला भाग मिळून अख्खा वेळू. मोरात २७, कारण साप जितका सरकला तितकीच मोराची झेप. कमळ जरा लांबचं. तिथे बेरीज दिलेली नाही, फरक दिलाय, अर्धा हात. पण एकदा एवढं दिसलं की तिन्हींना एकच रीत लागू पडते. माहीत असलेल्या बाजूचा वर्ग म्हणजे बाकीच्या दोघांची बेरीज गुणिले फरक. वेळू: २५६ भागिले ३२, फरक ८, म्हणून २० आणि १२, वेळू १२ हातांवर मोडला. मोर: ८१ भागिले २७, फरक ३, म्हणून १५ आणि १२, गाठ बिळापासून १२ हातांवर. कमळ: ४ भागिले अर्धा, बेरीज ८, म्हणून खोली पावणेचार हात. वेळू, पक्षी आणि फूल अशा तीन वेगळ्या गोष्टी, आणि साडेआठशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या माणसाने त्या एकमेकींच्या जवळ मांडून ठेवलेल्या. मला स्वतःला हे वाचताना फार आनंद झाला. मी दहावीनंतर गणिताची वही उघडली नव्हती.

सारखेपणा दाखवणारे शिक्षक अजून सापडतील. सारखेपणा कुठे तुटतो हे तितक्याच आग्रहाने शिकवणारे मी हेच पाहिले. वहीच्या प्रत्येक पानाखाली ‘इथे जुळत नाही’ अशी जागा असते आणि ती कोरी ठेवलेली चालत नाही. पावसाळ्यात त्यांनी दिलेलं गणित: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ सकाळी सहाला पाणी ३० फूट होतं, दुपारी बाराला ३३ फूट, तर इशारा पातळी, म्हणजे ४० फूट, कधी गाठेल? टाकीचं भावंड धरलं तर फुटाला दोन तास, सात फुटांना चौदा तास, पहाटे दोन वाजता. मग प्रश्न: टाकीच्या भिंती सरळ असतात, कृष्णेच्या आहेत का? पाणी काठाबाहेर पडलं की मळीत, म्हणजे नदीकाठच्या शेतात, पसरतं, मग त्याच वेगाने चढत नाही. आणि टाकीचा नळ एकसारखा चालू असतो, कोयना धरणातून सोडलेलं पाणी तासातासाला बदलतं. मुलांनी पानाखाली लिहिलं की ‘पहाटे दोन’ हा अंदाज आहे आणि तो कुठल्या दोन गोष्टी धरून काढलाय. गावभागातल्या पोरांनी २०१९ चा पूर घरात पाहिलेला आहे, त्यांना हे पटवून द्यावं लागलं नाही. तसंच एकदा सरांनी माझ्या मुलीकडे बघून विचारलं, पाच किलो मिरची गच्चीवर वाळायला दोन दिवस लागतात, तर दहा किलोला किती? चार म्हणणाऱ्यांना तिने सांगितलं, गच्ची मोठी असेल तर दोनच. ज्याला त्रैराशिक येतं त्याला ते कुठे लावायचं नाही हेही आलं पाहिजे, असं सरांचं म्हणणं आहे, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

पालकांच्या बैठकीत एकाने विचारलं, एका गणिताला एवढा वेळ कशाला, दहा सोडवून घ्या की. त्यावर सरांनी एक प्रयोग सांगितला. १९८० साली अमेरिकेत मेरी गिक आणि कीथ होलिओक या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक गोष्ट वाचायला दिली. एका सेनापतीला किल्ला घ्यायचाय, पण वाटांवर सुरुंग, मोठी फौज एका वाटेने नेता येत नाही, म्हणून तो लहान तुकड्या सगळ्या वाटांनी एकदम पाठवतो. मग कोडं: पोटात गाठ आहे, जोरदार किरण सोडले तर चांगलं मांस जळतं, हलके सोडले तर गाठ जात नाही, डॉक्टरने काय करावं? उत्तर गोष्टीतच आहे, हलके किरण अनेक बाजूंनी. तरी बऱ्याच जणांना ते आपणहून सुचलं नाही. गोष्टीचा उपयोग करा असं सांगितल्यावर बहुतेकांना सुचलं. पुढे त्याच दोघांनी १९८३ मध्ये दाखवलं की अशा दोन गोष्टी देऊन त्यांच्यात सारखं काय ते लिहायला लावलं तर जास्त लोकांना आपलं आपण सुचतं. म्हणून मी दोन गणितं शेजारी मांडतो, सर म्हणाले, नुसती दहा एकाखाली एक घातली तर दहा वेगळी गणितं राहतात. विचारणारे गप्प बसले. त्यांचा मुलगा अजून येतो.

आता जे कमी आहे तेही स्पष्ट लिहिते. वेग कमी आहे. शिष्यवृत्तीच्या एका पेपरात दीड तासात ७५ प्रश्न असतात, प्रश्नाला सव्वा मिनिटही मिळत नाही. रेघ मारून बाण काढायला तिथे सवड नसते. माझ्या मुलीला पहिल्या सत्रात याचा त्रास झाला, पेपर अर्धवट राहायचे. दिवाळीनंतर बाण डोक्यातल्या डोक्यात व्हायला लागले आणि आता ती वेळेत संपवते, पण घड्याळ लावून सोडवायचा सराव आम्ही घरी घेतला, वर्गात तो होत नाही. माझ्या मते दुसऱ्या सत्रात आठवड्यातून एक तास तरी सरांनी त्याला द्यायला हवा. बुद्धिमत्ता चाचणी, भूमितीच्या रचना, आलेख यातलं काही इथे नाही, त्यासाठी शाळेवर किंवा दुसरीकडे भिस्त ठेवावी लागेल. एखादा दिवस बुडाला तर भरून निघत नाही. छापील नोट्स नाहीत, मोबाइलवर काही पाठवत नाहीत, वही हेच सगळं. वह्या ते स्वतः तपासतात, त्यामुळे परत मिळायला कधी कधी आठवडा जातो. खोली लहान आहे, मे महिन्यात एका पंख्यावर भागत नाही. पाणी वाढलं की वर्ग बंद, यात त्यांचा इलाज नाही.

परीक्षा दोन-तीन महिन्यांवर आली असेल तर इथे घालू नका, मूल गोंधळेल आणि तुम्ही सरांना दोष द्याल. ज्यांच्या मुलांना पाढे आणि अपूर्णांकच येत नाहीत त्यांनी आधी ते पक्कं करून घ्यावं, सर ते शिकवत बसत नाहीत. पण मुलाला आकडेमोड येते आणि वाक्य आलं की अडतं असं असेल, तर सातवीच्या जूनपासून घाला. दोन वर्षं मिळाली तर उत्तमच. मैत्रिणीच्या मुलाला मी सातवीतच घालायला लावलं, आणि पुढच्या वर्षी धाकट्यालाही तिथेच घालणार आहे.

नाव नोंदवायला फोन करून उपयोग नाही, ते उचलत नाहीत. संध्याकाळी सहाच्या तुकडीआधी मुलाला घेऊन समक्ष जा. ते मुलाला एक गणित देतात आणि सोडवायला न सांगता, ते कशासारखं आहे एवढंच विचारतात. उत्तर आलं नाही तरी प्रवेश मिळतो. पहिला आठवडा बसून बघायला फी घेत नाहीत. जाताना दोनशे पानी एकरेघी वही आणि पट्टी न्यायला सांगा, पहिल्याच दिवशी लागते.